दातांची खोली आणि माझी बोबडी

तीर्थस्वरूप वन्सं यांना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (एरवी लिहायचा म्हणून लिहिते तसा नाही. या वेळी खरंच वाकले होते. पेन टेबलाखाली गेलं होतं हे निमित्त, पण वाकल्यावर तुमचीच आठवण झाली.) तुमचा गुडघा काय म्हणतो? सकाळचं फिरणं चालू आहे ना? आमच्याकडे सगळं ठीक. तुमचे बंधुराज ठणठणीत आहेत. माझं भाषण त्यांना इतकं पाठ झालंय की अंघोळ करताना मोठ्याने म्हणतात, आणि वाईट याचंच वाटतं की माझ्यापेक्षा बरं म्हणतात. तुम्ही रविवारपर्यंत राहणार होतात आणि शुक्रवारी सकाळी, मी खाली दवाखान्यात उतरले तेवढ्यात, बॅग उचलून पसार झालात. फोन करावा तर उचलत नाही. अहो, आभार मानायला समोर माणूस तरी लागतो. शेवटी म्हटलं, पत्रच लिहावं. पत्र काही अर्ध्यावर ठेवून पळता येत नाही.

हे म्हणाले, ताई सभेत समोरच तर बसली होती, तिला काय नव्याने सांगणार? पण तुम्ही जे पाहिलंत ते बाहेरून. आत माझं काय चाललं होतं ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही, आणि सांगायचंच झालं तर पहिला मान तुमचा, कारण या सगळ्याच्या मुळाशी तुम्ही आहात. तेव्हा चहा करून घ्या आणि निवांत बसा. (इथे तुम्ही "मुद्द्यावर ये" म्हणालात ते मला ऐकू आलं. येणार नाही. पत्रात माझं राज्य आहे.)

मी काही मुखदुर्बळ बाई नाही हे तुम्हाला मी या घरात आल्यापासून माहीत आहे. दवाखान्यात तर माझ्या तोंडाला खळ नसतो. दाढ कोरता कोरता मी पेशंटला आमचा गळका नळ, समोरच्या इमारतीतलं आगाऊ मांजर, यांचं शिंप्याशी झालेलं भांडण, सगळं साग्रसंगीत सांगते. पेशंट ऐकतो. न ऐकून जाईल कुठे बिचारा? तो आडवा, तोंड उघडं आणि तोंडात माझे दोन्ही हात. त्याला फार तर "आं" करता येतं आणि ते मी होकारार्थी धरते. इतक्या वर्षांत माझं एकही म्हणणं कोणी खोडून काढलेलं नाही. अशा लाडावलेल्या बाईपुढे उभी माणसं आणा, तोंडं मिटलेली, हातांच्या घड्या घातलेल्या, आणि म्हणा, हं, बोल आता. माझी बोबडीच वळते. आमच्या दंतवैद्यांच्या संघटनेत एकदा आभार मानायला मला उभं केलं होतं. मी "आभार" एवढंच म्हणाले आणि बसले. लोकांना वाटलं, काय सुटसुटीत बाई आहे, आणि पुढच्या वर्षी आभार पुन्हा माझ्याच गळ्यात घातले. त्या वर्षी मी आजारी पडले.

असंच सुखाने आयुष्य गेलं असतं, पण मध्ये ती खोली आली. नगरपालिकेच्या शाळेतली, जिन्याखालची, माझी बुधवारची खोली. तिथे एक जुनी खुर्ची आहे. पायाने दांडी दाबली की वर जाते आणि मग आपल्या मनाने हळूहळू खाली येते, त्यामुळे मी प्रत्येक मुलाला उभी राहून तपासायला लागते आणि बसून संपवते. भिंतीवर मुलांनी दातांची चित्रं काढली आहेत. (एका दाताला चष्मा आहे आणि तो रागावलेला आहे. तो दात मीच, असं आमच्या नर्सताई म्हणतात.) ज्या मुलांना घरचं कोणी दवाखान्यापर्यंत आणत नाही, कोणाला वेळ नाही, कोणाला ते सुचत नाही, ती मुलं वर्गातून उठून जिना उतरतात आणि माझ्याकडे येतात. त्यांच्यापुरतं दवाखान्याचं अंतर तेवढंच. आणि नगरपालिकेच्या भांडारप्रमुखांना त्या खोलीत मोडकी बाकं ठेवायची होती. प्रस्ताव तयार होता, गुरुवारच्या सभेत मंजूर झाला की खोलीला कुलूप लागणार होतं. मुख्याध्यापिका पालिकेच्या नोकरीत, त्यांना विरोधात बोलता येईना. त्यांनी सभेत बोलणार म्हणून माझं नाव परस्पर देऊन टाकलं आणि मग मला सांगितलं, तेही माझ्या खुर्चीत बसून, पण मी त्यांना तोंड उघडायला सांगायच्या आत. बाई हुशार आहेत.

मी घरी येऊन डोक्याला हात लावून बसले. यांनी मला न विचारता तुम्हाला फोन केला. दुसऱ्या दिवशी दार उघडते तर तुम्ही. हातात बॅग, गळ्यात शिट्टी. खोटं कशाला बोलू, मला धडकीच भरली. जिने जन्मभर मैदानावर पोरं सरळ केली, जिच्या एका हाकेत अख्खी शाळा रांगेत उभी राहायची, ती आता आपल्याला सरळ करणार, आणि ती पुन्हा नणंद. तुम्ही पाणीसुद्धा प्यायला नाहीत. उभी राहा आणि बोलून दाखव म्हणालात. मी उभी राहिले, घसा साफ केला, "म्हणजे" असं म्हणाले आणि शिट्टी वाजली. भाषण सुरू व्हायच्या आतच मी बाद.

त्यानंतर घरात जे काही झालं त्याला शिकवणी म्हणायचं की कवायत ते तुम्हीच ठरवा. "म्हणजे" आलं की शिट्टी, "काय आहे ना" आलं की शिट्टी, "तसं बघायला गेलं तर" आलं की लांब शिट्टी. मला तोवर पत्ताच नव्हता की माझं निम्मं बोलणं याच मालाने भरलेलं आहे. ते काढून टाकल्यावर माझ्याकडे बोलायला फार थोडं उरलं आणि मी घाबरून आणखीच "म्हणजे" म्हणायला लागले. समोरच्या फाटकातून वकीलसाहेब गाडी मागे घेत असत, ते शिट्टी झाली की करकचून ब्रेक दाबायचे. पुढे पुढे तर त्यांनी गाडी बाहेर काढणंच सोडलं आणि कोर्टात चालत जायला लागले. परवा भेटले तेव्हा म्हणाले, तब्येतीला बरं वाटतंय. तेही तुमच्या नावावर जमा करा.

मग आवाजाचा धडा. तुम्ही मला शाळेच्या मैदानावर नेलंत, एका टोकाला मला उभं केलंत आणि स्वतः दुसऱ्या टोकाला जाऊन कानामागे हात लावलात. मध्ये फुटबॉलचा सराव चालू होता. मी जीव खाऊन ओरडले की लहान मुलांच्या दातांकडे समाजाचं अक्षम्य दुर्लक्ष होत आहे. खेळ थांबला. गोलकीपरने तोंडावर दोन्ही हात ठेवले, कारण त्याच्या तारा मीच बसवल्या आहेत आणि तो ठरलेल्या दिवशी आला नव्हता. चेंडू त्याच्या शेजारून गोलात गेला. त्या संघाचे शिक्षक माझ्याशी अजून बोलत नाहीत. पण तुम्ही त्या टोकावरून हात हलवलात, ऐकू आलं म्हणून. मला आठवतंय, मला एवढा आनंद झाला होता की मी समाजाचं दुर्लक्ष पुन्हा एकदा ओरडले.

तालमीला माणसं हवीत म्हणून दवाखान्याबाहेर थांबलेल्या पेशंटपुढे भाषण करायचं, ही कल्पना मात्र तुमची होती आणि स्वतः तुम्ही वरच थांबलात, हे मी इथे नोंदवून ठेवते. त्यांना वाटलं, हे उपचारापैकीच आहे. एक गृहस्थ गाल धरून बसले होते, ते माझं भाषण अर्ध्यावर आलं तेव्हा म्हणाले की दुखायचं थांबलं, आणि घरी गेले. एक बाई प्रत्येक वाक्याला मान डोलावत होत्या म्हणून मला कोण हुरूप आला, तर त्यांच्या कानात गाणी चालू होती. आणि तुमचे बंधुराज मागे उभे राहून माझ्याबरोबर ओठ हलवत होते. मी अडखळले की ते पुढे निघून जायचे आणि कोपऱ्यावर माझी वाट बघत थांबल्यासारखे थांबायचे. वन्सं, मी त्या दिवशी तुमच्यावर मनातल्या मनात फार चिडले होते. नर्सताईंना म्हणालेसुद्धा, की ही बाई माझं हसं करायला आली आहे.

आता गुरुवारची सकाळ. ही तुम्हाला आठवत असेल किंवा नसेल, पण मी विसरायची नाही. मी स्वयंपाकघरात येऊन तुम्हाला सांगितलं की मी जाणार नाही. कारण विचारा तर कारण नव्हतं. हातातल्या भाषणाच्या कागदांची मी नुसती सुरळी करत होते. मला वाटलं, आता शिट्टी वाजणार, नाहीतर भावजयीच्या सात पिढ्यांचा उद्धार होणार. तुम्ही माझ्या पांढऱ्या कुडत्याला इस्त्री करत होतात. ती न थांबवता तुम्ही म्हणालात, "भीती वाटते ना? वाटू दे. तिला घरी कशाला ठेवतेस, घेऊन चल बरोबर. गाडीत मागची सीट रिकामीच आहे." आणि कुडता माझ्या हातात दिलात, गरम गरम. बस्स. भीती जायला हवी असं मी इतके दिवस समजत होते. ती असताना निघता येतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मला तिथेच रडू आलं, पण तुम्ही इस्त्रीची वायर गुंडाळायला पाठ फिरवलीत, म्हणून मी ते उरकून घेतलं.

सभागृह तर तुम्ही पाहिलंतच. उजवीकडे सभासद, डावीकडे आपण नागरिक मंडळी, आणि समोर मधोमध उंच खुर्चीत सभापती, मोठी मिशी, मोठं पोट, पुढ्यात पाण्याचा पेला. बोलणाऱ्याने त्यांच्यासमोर त्या उभ्या टेबलापाशी जायचं, जिथे एक माइक आणि कागदावर उजेड पडावा म्हणून वाकणाऱ्या मानेचा एक दिवा. माझ्या आधी भांडारप्रमुख बोलले. काय बोलले हो. मोडकी बाकं उन्हापावसात कशी कुजत आहेत याचं वर्णन ऐकून मलाच बाकांची दया आली. सभासद माना डोलावत होते. मी मनात म्हटलं, गेली खोली. मग माझं नाव पुकारलं.

मी उभी राहिले तेव्हा तुमच्या जागेवरून तुम्हाला काय दिसलं ते तुम्हाला माहीत. मला काहीही दिसत नव्हतं. पहिलं वाक्य डोक्यातून असं पुसलं गेलं होतं की जणू कधी नव्हतंच. हे लांबून ओठ हलवत होते, पण यांनी घाईत तिसऱ्या परिच्छेदापासून सुरुवात केली होती. कोणीतरी खोकलं. आणि माझे हात, वन्सं, माझ्या हातांना रिकामं राहायची सवयच नाही. डोकं बंद पडलं तरी त्यांनी आपलं रोजचं काम सुरू केलं. डाव्या हाताने समोरचा माइक बाजूला सारला, मी हत्यारांचा ट्रे सारते तसा. उजव्या हाताने दिव्याची मान धरली, वर उचलली आणि समोर जे कोणी असेल त्याच्या तोंडावर उजेड पाडला. समोर होते सभापती. आणि सभापती त्या क्षणी जांभई देत होते.

जांभई म्हणजे काय जांभई. (लिहिताना म्हणजे चालतं ना?) चांगली ऐसपैस, पार घशापर्यंतची. उजेड थेट आत. आणि मला वरच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ दिसली, किंवा तिचं जे काय उरलं होतं ते. त्यानंतर मी जे बोलले ते मी बोलले नाही, माझ्या पेशाने बोललं. "तसंच ठेवा," मी म्हणाले. "मिटू नका."

आणि वन्सं, त्यांनी नाही मिटलं. हे मला अजून स्वप्नासारखं वाटतं. गावाचा कारभार बघणारा माणूस, पण दिवा आणि तो सूर एकत्र आला की सगळे सारखे. मान थोडी मागे टेकवून, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर घट्ट धरून, सभापती आ वासून बसले. आणि माझ्यासमोर जे चित्र उभं राहिलं ते माझं रोजचं होतं. एक उजेड, एक उघडं तोंड आणि मी. माझी जीभ सुटली. मला वाटतं, ती भीती मागच्या सीटवर बसून हे सगळं बघत असणार.

काय बोलले ते तुम्ही ऐकलंत, पण पाठ केलेल्यातलं त्यात एक अक्षर नव्हतं हेही तुमच्या लक्षात आलंच असेल. मी त्या दाढेबद्दल बोलले. म्हटलं, ही दाढ मूल नुकतं शाळेत जायला लागतं तेव्हा येते, दुधाच्या दातांच्या मागे, गुपचूप. घरच्यांना वाटतं हाही दात दुधाचाच, पडेल. तो पडत नाही, जन्माचा असतो. किडायला लागला की मूल तक्रार करत नाही. ते एका बाजूने खातं, मग थोडं खातं, मग वर्गात गप्प बसतं, आणि बाई त्याला आळशी म्हणतात. तेव्हा त्याला वर्गातून उठून एक जिना उतरता आला तर छोटंसं भोक बुजवून ते मूल पुढच्या तासाला परत जातं. नाही उतरता आला तर मोठेपणी त्याचं हे असं होतं. आणि "हे असं" म्हणताना मी दिव्याची मान आणखी थोडी वाकवली. (पेशंटची गोष्ट चारचौघांत सांगायची नसते हे मला कळतं. पण ते अजून माझे पेशंट झालेले नव्हते.)

आणि आता तुमच्या शिकवणीचा हिशेब ऐका, कारण सगळे म्हणतात दिव्याने काम केलं, आणि मला त्याचा राग येतो. माइक मी बाजूला सारला होता, तरी माझा शब्द न शब्द शेवटच्या रांगेत पोचला असं नर्सताई म्हणतात, त्या तिथे दाराशी उभ्या होत्या. तो आवाज मैदानावरचा होता. दुसरं म्हणजे, जिथे जिथे "म्हणजे" तोंडात येई तिथे तिथे मी आपोआप थांबत होते, शिट्टीची वाट बघत. शिट्टी येईना, म्हणून पुढे बोलत होते. ते थांबणं लोकांना फार आवडलं म्हणे. वकीलसाहेब चालत चालत आले होते, ते म्हणाले, इतक्या वजनाने बोलणारी बाई कोर्टातही ऐकली नाही. त्यांना काय ठाऊक की ते वजन तुमच्या शिट्टीचं आहे. आणि एक गंमत तुम्ही पाहिलीत का? माझं भाषण चालू असेपर्यंत त्या सभागृहात एकालाही जांभई देण्याची छाती झाली नाही. भांडारप्रमुख तर ओठ आत ओढून बसले होते.

संपलं तेव्हा मला एकदम भान आलं की सभापती अजून तसेच आहेत. आता काय करावं? सवयीने म्हणाले, मिटा आता, चूळ भरून घ्या. त्यांनी पेला उचलला, तोंडात पाणी घोळवलं, इकडे तिकडे बघितलं, थुंकायला कुठेच काही नाही म्हटल्यावर गिळलं. मग सभागृह जे हसायला लागलं. मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. मी त्यांचं हसं केलं होतं, भर सभेत, ज्यांच्या हातात माझी खोली होती त्यांचंच. मी कागद गोळा करायला लागले. (कागद होते हे मला तेव्हाच आठवलं.)

पण ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांनी गालावर हात ठेवला. मग म्हणाले, "मी याच शाळेत होतो. तेव्हा ही खोली नव्हती." एवढंच. मग त्यांनी हात वर करायला सांगितले, आणि बाकं व्यायामशाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली. खोली राहिली, वन्सं. परवाच्या बुधवारी मी ती उघडली, दांडी दाबली, खुर्ची वर गेली आणि हळूहळू खाली आली, आणि मी आणि नर्सताई मुलं यायच्या आधी दोघीच तिथे वेड्यासारख्या हसत उभ्या होतो.

तुमचे उपकार मी कसे फेडू ते मला कळत नाही. लग्न होऊन मी आले तेव्हा मला वाटलं होतं, ही बाई मला आयुष्यभर तपासत राहणार. तुम्ही आलात, माझ्या वेळेला आलात, मी चिडले तरी राहिलात, आणि माझ्या पोटातून तो आवाज ओढून काढलात जो तिथे आहे हे मलाच माहीत नव्हतं. सख्खी बहीण असती तर तिने मला "राहू दे, नको जाऊस" म्हटलं असतं. तुम्ही कुडत्याला इस्त्री केलीत. हे मी तोंडाने सांगितलं असतं तर तुम्ही विषय बदलला असता, म्हणून लिहून पाठवते आहे. तब्येतीला जपा. गुडघ्याला शेक घ्या.

तुमची, अजून थोडी घोगरी,
धाकटी भावजय

ता. क. : पालिकेने सभागृहातला तो दिवा स्क्रूने पक्का केला आहे. आता तो फक्त कागदावरच उजेड पाडतो. सभापती शनिवारी माझ्याकडे येऊन गेले. दाढ वाचेल.

आणखी एक ता. क. : बँकेतल्या लोकांनी मला बोलायला बोलावलं आहे. मी ऐटीत हो म्हटलं, फोन ठेवला आणि मला घाम फुटला. वर कुठे माझी भीती गेली असं वाचल्यासारखं वाटलं असेल तर ते खोडून टाका. ती कुठेही गेलेली नाही, उलट हल्ली तिने पुढची सीट धरली आहे.

शेवटचा ता. क. (हा एकटीने वाचा) : नुसते आभारच मानायचे असते तर दोन ओळींत काम झालं असतं. वन्सं, सभापतींच्या आधी जांभई तुम्ही दिली होतीत. तुमची बघून त्यांना आली. मी दिवा फिरवला तेव्हा उजेड जाता जाता तुमच्या रांगेवरून गेला. मी पुढे दोन दिवस सगळ्यांना सांगत सुटले होते की तुम्ही ती मुद्दाम दिलीत, माझं अडलेलं गाडं सुटावं म्हणून. हेही म्हणाले, ताई चारचौघांत कधी जांभई देत नाही, मुद्दामच दिली असणार. मलाही तसंच मानायला फार आवडलं असतं. पण मला तुमची दाढ दिसली. खालची, उजवीकडची, आणि बाजूची सुजलेली हिरडी. असली दाढ माणसाला झोपू देत नाही. आणि मला दिसली हे तुम्हाला दिसलं, म्हणून तुम्ही शुक्रवारी निघून गेलात. तोंडात ते घेऊन तुम्ही मला बोलायला शिकवत होतात, एका दंतवैद्याच्या घरात राहून, आणि दवाखान्यावरून जायला नको म्हणून मागच्या जिन्याने ये-जा करून. मला वाटायचं, तुम्हाला पेशंटची गर्दी आवडत नाही. काल यांनी सांगितलं की लहानपणी शाळेत दात तपासायला डॉक्टर आले की तुम्ही मैदानाची भिंत ओलांडून घरी यायचात आणि तुमच्या उंच उडीची सुरुवात तिथूनच झाली. हसू आलं, आणि मग नाही आलं. दुखणं वाढलं तर ताप येईल, सूज गळ्यापर्यंत जाईल, हे मी तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही, खरं आहे म्हणून लिहिते. बुधवारी या. दवाखान्यात नको, शाळेतल्या खोलीत, मुलं यायच्या आधी. मी यांना कारण सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. खुर्ची लहान आहे, तुमचे पाय बाहेर येतील, खाली ठेवायला काहीतरी देऊ. पहिल्या दिवशी नुसती बघेन, हत्यार हातात घेणार नाही. तुमचा डावा हात मोकळा ठेवा. तो जरासा जरी वर झाला की मी थांबेन, का ते विचारणार नाही. कितीही वेळा वर करा वन्सं, मी तितक्या वेळा थांबेन.